गोधडीला नक्षी सुचते कुठून?

प्रश्न भुसावळहून आला आहे. विचारणारी मुलगी वर्षभरापूर्वी मशीनवर गोधडी शिवायला शिकली. टाका सरळ येतो, कोपरे जुळतात. पण शिवते ते सगळं मोबाइलवर पाहिलेलं, नऊ चौकोनांचं तेच ते. घरात आईच्या सुती साड्यांनी भरलेली एक पेटी आहे, तिला कात्री लावायचा धीर होत नाही. शेवटी तिने लिहिलं आहे, "मावशी, निसर्गातून प्रेरणा घ्या असं सगळे सांगतात. आमच्याकडे रेल्वेचं क्वार्टर, धूळ आणि ऊन. यातून काय सुचणार?"

मावशी म्हणालीस, म्हणून मी तुला तूच म्हणते. मी अमळनेर तालुक्यातली. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे 35 वर्षं, गोधड्या शिवते आहे. त्यातली 20 वर्षं लोकांच्या ऑर्डरी घेऊन. तू ऊन म्हणालीस ना, तर उन्हापासूनच सुरुवात करते, कारण माझी सगळ्यात आवडती गोधडी उन्हाने केलेली आहे. आणि तीही तुझ्याच भुसावळची.

एक गृहस्थ वडिलांचे कामावरचे शर्ट घेऊन आले होते. वडील रेल्वेत होते, नुकतेच गेले होते. जाडसर सुती कापडाचे निळे शर्ट, एकूण 14. मला वाटलं, आता निळ्यात निळं, यात करणार काय? शिवण उसवायला बसले. खिसा काढला, तर खिशाखालचं कापड गडद निळं. अगदी दुकानातून आणल्यासारखं. बाकी सगळा शर्ट उन्हाने आणि धुण्याने आकाशी झालेला, आणि छातीवर बरोब्बर खिशाएवढा एक गडद आयत. दुसरा शर्ट उसवला, तिथेही तोच आयत. चौदाही शर्टांवर. एकावर तो जरा कमी उठून दिसत होता, कारण तो शर्ट शेवटच्या वर्षांत घेतलेला, म्हणून भोवतीचं कापड कमी विटलेलं असणार. एकावर खिशाच्या कोपऱ्यात पेनाच्या शाईचा डाग.

मी दुसरं काहीही केलं नाही. प्रत्येक शर्टाचा तो छातीचा भाग सारख्या मापात कापला, आयत मध्ये धरून, आणि चौदा तुकडे दोन रांगांत लावले. भोवती पाठीचं आणि बाह्यांचं फिकं कापड. शाईचा डाग तसाच ठेवला. ते गृहस्थ न्यायला आले तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, रात्रीच्या गाडीच्या खिडक्या दिसतात. मी गाडीचा विचारही केला नव्हता. मला फक्त उन्हाने सोडलेली जागा दिसली होती.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची एक वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतमजूर बायकांनी पिढ्यान् पिढ्या कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, थंडीत पोरांना पांघरायला. 2002 साली त्या मोठ्या संग्रहालयांत लागल्या आणि 2006 साली तिथल्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटं काढली. त्यांचे फोटो कधी निवांत बघ. गुडघ्यावर विरलेली पँट, खिशाखालचा गडद तुकडा, सगळं त्यांत आहे. त्या बायकांजवळही धूळ, ऊन आणि काम यापलीकडे फारसं काही नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. बाहेर बघून काही सुचावं म्हणून आपण निघतो, आणि नजर जाते ती चित्राकडे. मोर, कमळ, केळीचं झाड. माझीही तीच चूक झाली होती. सुरुवातीच्या काळात मी रावेरकडच्या एका घरासाठी केळीच्या बागेची गोधडी करायला घेतली. हिरवी पानं कापली, खोडं कापली, पिवळे घड लावले. दोन महिने गेले. झाली तेव्हा ती शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखी दिसत होती. झाड ओळखू येत होतं, पण बागेत शिरल्यावर जे वाटतं त्यातलं काही तिच्यात उतरलं नव्हतं. त्या घरच्यांनी पैसे दिले, कौतुकही केलं, पण मला ती गोधडी पुन्हा बघवली नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा त्याच बागेत गेले आणि या खेपेला झाडांकडे न बघता मधल्या मोकळ्या जागेकडे बघत बसले. केळी पाच बाय पाच फुटांवर लावलेली असते. सरळ बघितलं तर सरळ गल्ली दिसते, जरा तिरकं बघितलं की तिरपी गल्ली दिसते. मध्येच एखादं झाड वाऱ्याने पडलेलं असतं, तिथून उजेडाचा झोत खाली येतो. ओळ, ओळ, ओळ, आणि एके ठिकाणी ओळ तुटलेली. बागेची खूण मला त्या तुटलेल्या जागेत सापडली. मग मी नुसत्या हिरव्या पट्ट्यांची गोधडी केली, उभ्या, एकसारख्या, आणि डावीकडे जरा खाली एका पट्टीचा वीतभर तुकडा फिक्या पिवळ्या सुती धोतराचा लावला. पान नाही, घड नाही. तरी बघणारी बाई म्हणाली, केळीच्या बागेत गेल्यासारखं गार वाटतं.

तेव्हापासून मी प्रत्येक गोष्टीत दोन गोष्टी शोधते. तिची ओळ कशी लागते, आणि ती कुठे मोडते. नुसती ओळ घेतलीस तर गोधडी बाजारातल्या चादरीसारखी होईल. नुसती मोडतोड घेतलीस तर डोळ्याला धरायला काही राहणार नाही. तुझ्या नऊ चौकोनांचं दुखणं हेच आहे बघ. त्यांत ओळ आहे, पण ती कुठेच मोडत नाही.

भुसावळात या दोन्ही गोष्टींची काय कमतरता? पुलावर उभी राहा आणि यार्डातले रूळ बघ. समांतर जातात, जातात, आणि मग एक रूळ सरकून दुसऱ्याला मिळतो. सुरतेच्या गाडीने अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडे जाशील तेव्हा पावसाळ्यानंतर खिडकीतून कपाशी बघ. कपाशीच्या काही ओळी, मग तुरीची एक उंच ओळ, पुन्हा कपाशी. त्या पट्ट्या गाडीबरोबर पंख्यासारख्या फिरतात. क्वार्टरच्या भिंतीवर जिथे जिथे पोपडा निघालाय तिथे आधीच्या रंगाचे थर दिसतात. हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली चुना. कापडावर कापड ठेवून वरचं कापून खालचं दाखवायचं काम आपण करतोच, तेच ते आहे.

बघायला एक साधन कर. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घे, त्याला मधोमध दोन इंचांचं चौकोनी भोक पाड. ती खिडकी डोळ्यापुढे हातभर अंतरावर धरायची आणि फिरवायची. एवढ्या मोठ्या भिंतीत, बाजारात, शेतात आपला डोळा हरवतो. खिडकीतून बघितलं की एक तुकडा वेगळा होतो आणि त्यात किती आडवं, किती उभं, किती रिकामं ते कळतं. जो तुकडा आवडला तो चौकटीच्या वहीत पेन्सिलने उतरव. चित्र यायची गरज नाही. नुसत्या रेघा आणि आत "गडद", "फिकं" एवढं लिहिलं तरी पुरे. माझ्या अशा 11 वह्या भरल्या आहेत. त्यातलं दहातलं एक पान कापडावर गेलं असेल. बाकीची पानं डोळ्याला सवय लागण्यात खर्च झाली, आणि त्याशिवाय ते एक पान आलं नसतं.

रंगाबद्दल मला नंदुरबारने शिकवलं. हंगामात नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या बघितल्या नसतील तर एकदा मुद्दाम जा. एकराच्या एकर जमीन लाल. लांबून तो एकच लाल वाटतो. जवळ गेलीस की कळतं, आज टाकलेली मिरची ओली, चकचकीत, शेंदरी झाक मारणारी. चार दिवसांची जरा दबलेली. वाळलेली गर्द, जवळजवळ तपकिरी. आणि मध्येमध्ये फटकी, रंग उडालेली, पांढरट पिवळी. त्या फटकीमुळे बाकीचा लाल पेटल्यासारखा दिसतो. व्यापारी ती निवडून बाजूला काढतात, पण गोधडीत मी ती आवर्जून घालते. लाल गोधडी करायची तर लालाचे किमान पाच प्रकार जमव, आणि त्यात एखादा पार विटलेला असू दे. आईच्या पेटीत तो नक्की असेल. घडी घालून वर्षानुवर्षं ठेवलेल्या साडीच्या घडीच्या कडेला रंग उडालेला असतो. ती रेघ आपल्याला रंगवून मिळत नाही. ती जपून वापर.

नवशिक्या मुली रंग जुळवतात, पण गडद-फिकं जुळवत नाहीत, आणि मग सगळी नक्षी एकमेकांत विरघळते. तुकडे फरशीवर मांड आणि डोळे अर्धवट मिटून बघ. अजून खात्री हवी तर मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा कर. हिरवा आणि लाल आपल्याला किती वेगळे वाटतात, फोटोत दोन्ही सारखेच राखाडी निघतात. तसं झालं की नक्षी दिसणार नाही हे शिवायच्या आधीच कळतं. आमच्या भरिताच्या वांग्याकडे बघ. फिका हिरवा, त्यावर पांढऱ्या रेघा, देठाशी गडद हिरवा. म्हणायला एकच रंग, पण गडद-फिक्याचे तीन टप्पे आहेत, म्हणून ते टोपलीत उठून दिसतं. मी त्या तीन रंगांत एक लहान गोधडी केली होती. बारशाला दिली, आणि तशाच चार अजून शिवाव्या लागल्या.

आकारांचं म्हणशील तर आपल्या घरातले दोन आकार मला पुन्हा पुन्हा उपयोगी पडले आहेत.

पहिला सारवणाचा. लहानपणी तू बघितलं असशील किंवा आजोळी असेल अजून. शेणाने सारवताना बाई उकिडवी बसते आणि हात अर्धगोल फिरवते. बोटांच्या चार-पाच रेघांची एक कमान उमटते. मग जरा मागे सरकून दुसरी कमान, पहिलीला चिकटून. वाळल्यावर तिरपं ऊन आलं की सगळी जमीन कमानींनी भरलेली दिसते. ही कमान इतकी सारखी येते कशी, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. मग एकदा स्वतः सारवताना लक्षात आलं की कोपर जवळजवळ एका जागी राहतं आणि हात त्याभोवती फिरतो. कंपासपेटीतल्या कंपाससारखंच. म्हणून प्रत्येक बाईची कमान तिच्या हाताच्या मापाची असते. सासूबाईंनी सारवलेली खोली आणि मी सारवलेली खोली वेगळी ओळखू येत असे.

हीच कमान गोधडीवर टाके घालायला घे. गोधडी जमिनीवर पसर, कोपऱ्यापाशी बस, कोपर टेकव, हातात खडू धर आणि फिरव. एक कमान. बोटभर आत दुसरी, मग तिसरी, चार-पाच झाल्या की सरक आणि शेजारी पुन्हा तेच. या रेघांवरून धावदोरा घाल. वरचे तुकडे कसेही असोत, सरळ पट्ट्या असोत की चौकोन, त्यांवरून ही कमानींची दुसरी लय जाते आणि गोधडी जिवंत होते. अमेरिकेतल्या जुन्या गोधड्यांवरही नेमक्या अशाच कमानी आहेत आणि त्यासुद्धा कोपराच्या मापाने काढलेल्या. दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींची खबर नसणार. हात तोच, कोपर तेच.

दुसरा आकार बिबड्यांचा, म्हणजे आपल्या ज्वारीच्या पापडांचा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर, धाब्यावर जुनी साडी अंथरून त्यावर ज्वारीचे बिबडे वाळत घालतो. हाताने थापलेले, म्हणून एकही पुरता गोल नाही, आणि दोनमधलं अंतरही सारखं नाही. वाळून उचलले की साडीवर त्यांचे फिकट गोल डाग राहतात. पुढच्या वर्षी तीच साडी, पण बिबडे दुसऱ्या जागी, म्हणजे जुन्या गोलांवर नवे गोल. माझ्या सासूबाईंची अशी एक साडी होती, 15 उन्हाळे बघितलेली. तिचं मी गोधडीचं तोंड, म्हणजे वरचा थर, केला आणि प्रत्येक डागाच्या कडेने लाल दोऱ्याने टाके घातले. एकही तुकडा जोडला नाही. गोल कुठे असावेत ते सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

तुला कापडाचे गोल लावायचे असतील तर पत्रिकेच्या पुठ्ठ्याचीच युक्ती सांगते. वाटीने पुठ्ठ्यावर गोल आखून काप. कापड त्याहून चहूबाजूंनी अर्धा इंच मोठं काप. कडेने बारीक धावदोरा घाल, मध्ये पुठ्ठा ठेव आणि दोरा ओढ. बटव्यासारखी कड आत येईल. वरून इस्त्री फिरव, गार झालं की दोरा सैल करून पुठ्ठा काढ आणि तो गोल जागेवर ठेवून तुरपाई कर. कड फुटत नाही. मात्र सगळे गोल एकाच वाटीचे नकोत. दोन-तीन वाट्या घे.

अजिंठ्याचंही सांगायला हवं. जळगावहून लेणी साठेक किलोमीटरवर, आणि लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढे आपल्याच तापीला मिळते, तरी आपल्यातल्या कितीतरी बायका आयुष्यात एकदा शाळेच्या सहलीला जातात आणि बस. गोधडी शिवणारीने तिथे जावं आणि मान वर करावी. भिंतींवरची चित्रं सगळे बघतात. लेणं क्रमांक 1 आणि 2 यांची छतं बघ. 5व्या शतकातली आहेत. पूर्ण छत चौकोनांत वाटलेलं, चौकटी सारख्या, आणि प्रत्येक चौकोनात काहीतरी वेगळं. कुठे कमळाचा वेल, कुठे फळं, कुठे पक्षी, कुठे कमळांतून दौडणारा हत्ती. छतावर गोधडी ताणून बसवल्यासारखं दिसतं ते. क्रमांक 2 मध्ये हंसांची एक माळ आहे. सगळे हंस एका रांगेत, पण कोणी मान वळवलेली, कोणी वाकवलेली, एकासारखा दुसरा नाही. मी तिथे बसून फक्त मानांच्या रेघा वहीत काढल्या. पंख, पिसं काही नाही. त्या वाकड्या रेघांची मी नंतर एक किनार केली, एकाच आकाराचे तुकडे दर खेपेला जरा वेगळे फिरवून. आणि चित्रांतल्या माणसांचे कपडेही बघ. पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीची वस्त्रं आहेत. आपल्या काठा-पदराची आठवण येते.

आता पेटीचं. कात्री लावायचा धीर होत नाही, असं लिहिलं आहेस. माझी आजेसासू अहिराणीत एवढंच म्हणायची, "आधी कापडले इचार." म्हणजे, आधी कापडाला विचार. मी पुष्कळ वर्षं ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं समजत होते. तो तर कामाचा पहिला टप्पा निघाला. साडी उघड, दोन हातांनी धरून खिडकीतल्या उजेडासमोर ने. जिथून उजेड चाळणीसारखा आरपार येतो तिथे कापड संपलं आहे. तो भाग वर लावलास तर वर्षात फाटेल, त्याला आतल्या थरात घाल. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताण. सुताचा कर्र आवाज आला तर तेही आतच. काठ बहुतेक मजबूत असतात, पदर त्याहून जास्त, कारण तो जमिनीला घासत नाही. निऱ्यांचा खालचा भाग सगळ्यात आधी जातो. म्हणजे कोणता भाग कुठे लागणार, हे निम्मं कापडच सांगतं आणि नक्षीही निम्मी तिथेच ठरते. काठ लांब आणि मजबूत आहेत तर पट्ट्यांची गोधडी. मधलंच चांगलं उरलंय तर मोठे चौकोन.

कापायच्या आधी सगळं पाण्यात भिजवून वाळव. गडद लाल, काळं आणि निळं कापड ओलं असताना त्यावर पांढरं फडकं दाबून बघ. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुन्हा पुन्हा धुऊन रंग थांबेपर्यंत दुसऱ्याशी जोडू नकोस. मी एकदा घाईत हे केलं नाही. एका आजीच्या पांढऱ्या पातळाशेजारी नवीन लाल कापड लावलं, आणि पहिल्याच धुण्यात ते पातळ गुलाबी झालं. ते पातळ दुसरं कुठून आणणार? त्या घराची मी माफी मागितली, पैसे परत केले, पण आजही ते आठवलं की घशाशी येतं. आणि जुन्या, विरलेल्या कापडाच्या शेजारी नवं, जाड कापड लावूच नको. धुताना नवं आटतं, ओढतं, आणि जुनं शिवणीवर फाटतं.

हिशेबही सांगते, म्हणजे भीती जरा कमी होईल. नऊवारी म्हणजे 9 वार, 324 इंच लांब. 60 बाय 90 इंचांच्या गोधडीसाठी तिचे 90 इंचांचे तीन तुकडे निघतात, आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 45 इंचांचा धरला तर ते तीन तुकडे शेजारी जोडून त्यातून दोन थर होतात. पाचवारीतून एक थर आणि वर थोडं कापड उरतं. म्हणजे साडी कापली तरी ती चिंध्या होऊन जात नाही, बहुतेक अख्खीच गोधडीत राहते. आईच्या साड्यांतली जी तुला सगळ्यात जवळची वाटते ती सध्या बाजूला ठेव. तिला हात लावायची घाई नाही. जी साडी आई रोज घरात नेसायची आणि जिच्याबद्दल कोणी कधी बोललं नाही, ती आधी घे.

दुसऱ्यांच्या कलेकडून काय घ्यावं, याबद्दल थोडं. चाळीसगावकडच्या तांड्यांवर बंजारा बायकांचं आरशांचं, कवड्यांचं भरतकाम बघून माझा जीव वेडावतो. त्यांच्याकडून मी टाका शिकले, शिकवल्याचे पैसे देऊन, त्यांच्या अंगणात बसून. पण त्यांची नक्षी उचलून माझ्या नावाने विकली नाही. त्यांच्या कामात रंग किती बिनधास्त शेजारी बसतात ते बघावं आणि आपल्या कापडात ते धाडस आणावं. एवढं पुरतं.

टाके कडेने सुरू करायचे की मधून, हा वाद तू ऐकला असशील. मशीनवर किंवा आत कापसाची भर असेल तर मधून बाहेर जा, म्हणजे सुरकुती कडेला निघून जाते. आमच्या जुन्या पद्धतीत आधी सगळे थर जमिनीवर ताणून, कोपऱ्यांवर दगड ठेवून, कच्च्या टाक्यांनी पक्के धरतात आणि मग कडेने सुरू करून फेऱ्या घालत मध्यापर्यंत येतात. कर्नाटकातल्या सिद्दी बायकासुद्धा त्यांची कवंद, म्हणजे गोधडी, अशीच कडेपासून आत शिवत नेतात. मला ही पद्धत आवडते, कारण मध्ये पोचेपर्यंत गोधडीचं मन कळलेलं असतं आणि शेवटचा हातभर भाग काय करायचा हे आयत्या वेळी ठरवता येतं. पण कच्चे टाके वीतभर अंतरावर, उभे आणि आडवे, दोन्ही घालायला हवेत. ते चुकवलंस तर मध्ये फुगा येईल आणि तो कशानेही बसत नाही.

पहिलं काम मोठं घेऊ नकोस. 36 बाय 36 इंचांचं दुपटं कर. 6 इंचांचे चौकोन, सहा ओळी, प्रत्येकीत सहा. शिवणीला पाव-पाव इंच धरून साडेसहा इंचांचे कापायचे. 36 पैकी 35 चौकोन त्या रोजच्या साडीचे, गडद-फिके मांडून. आणि एक चौकोन दोन त्रिकोणांचा. त्यासाठी 7 इंचांचे दोन चौकोन, एक साडीचा आणि एक दुसऱ्या रंगाचा, सुलट बाजू आत करून एकावर एक ठेव. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढ, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिव आणि रेघेवर काप. दोन जोड-चौकोन मिळतील, ते साडेसहा इंचांना छाटून घे. एक लाव, दुसरा पुढच्या कामाला ठेव.

तो एक चौकोन कुठे लावायचा, हे मी सांगणार नाही. त्याआधी आठ दिवस पुठ्ठ्याची खिडकी घेऊन हिंड. सकाळी पाणी भरताना, बाजारात केळीच्या हातगाडीपाशी, स्टेशनच्या पुलावर. मग चौकोन फरशीवर मांड, तो एक वेगळा चौकोन हातात घे आणि एकेका जागी ठेवून बघ. मधोमध नको वाटेल. अगदी कोपऱ्यातही नको वाटेल. एके ठिकाणी ठेवल्यावर हात पुन्हा उचलावासा वाटणार नाही, तिथे टाचणी लाव.

दोरा पांढराच घे, सुती, आणि कमानी तुझ्या कोपराने आखून घे.